‘माय मदर’मधला एम लहान का?

वाचकाचे पत्र

आपल्या सदराची मी नियमित वाचक आहे. गेल्या वर्षी माझी आई वयाच्या 91 व्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका इंग्रजीत करावी असे आम्ही भावंडांनी ठरवले, कारण तिची पतवंडे न्यू जर्सीत आणि मेलबर्नला वाढत आहेत आणि त्यांना मराठी वाचता येत नाही. मजकूर मी लिहिला. त्यात ‘मदर’ हा शब्द मी सगळीकडे मोठ्या एमने लिहिला होता. न्यू जर्सीच्या भाचीने मजकूर तपासून परत पाठवला, तेव्हा काही ठिकाणी तिने एम लहान केला होता आणि काही ठिकाणी तसाच ठेवला होता. एकाच परिच्छेदात दोन्ही प्रकार आहेत. तिला विचारले तर म्हणाली, “मावशी, असंच असतं.” मला नियम कळला नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्या आईला लहान अक्षर द्यायला हात धजत नाही. शिवाय मजकुरात आई, काका, मामा हे आपले शब्दही आले आहेत. त्यांचे काय करावे? मजकुराची तीन पाने सोबत जोडली आहेत.

एक वाचक, सातारा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेली तीन पाने सावकाश वाचली. भाचीने केलेल्या दुरुस्त्या एक जागा सोडली तर बरोबर आहेत, आणि त्या एका जागेविषयी पुढे लिहितो. तिला नियम सांगता आला नाही याचे मला नवल वाटत नाही. आपण ‘बाबा आले’ म्हणतो पण ‘आई आली’ म्हणतो, असे का, हे त्या मेलबर्नच्या मुलांनी विचारले तर आपणही बहुधा ‘असंच असतं’ एवढेच सांगू. जी भाषा कानावरून अंगात मुरते तिचे नियम माणूस पाळतो, पण ते सांगता येतातच असे नाही.

याच उदाहरणात आपल्या मनातल्या अडचणीचे मूळही आहे. मराठीत आदर हा व्याकरणाचा भाग आहे. वडील एकच असले तरी ते ‘आले’, सासूबाई एकट्या असल्या तरी त्या ‘बसल्या’. तू, तुम्ही आणि आपण यांतला फरक लहान मूलही ओळखते. इंग्रजीत यांपैकी काहीच नाही. तिथे वडीलही ‘ही’ आणि दारात आलेला अनोळखी माणूसही ‘ही’. म्हणून मराठी माणूस इंग्रजी लिहू लागला की आदर ठेवायला जागा शोधतो, आणि कागदावर त्याला ती मोठ्या अक्षरात सापडल्यासारखी वाटते. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे मोठ्या अक्षराचे नेमके काम काय, हे आपल्याला घरात कोणी शिकवलेले नसते.

आपली ही भावना इंग्रजीला अगदीच परकी होती असेही नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजी लिहिणारे महत्त्वाच्या वाटणाऱ्या नामांना, आणि पुष्कळदा सरसकट सगळ्याच नामांना, मोठे अक्षर देत असत. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘लाइफ’, ‘लिबर्टी’ आणि ‘हॅपिनेस’ हे शब्द वाक्याच्या मध्ये असूनही मोठ्या अक्षराने लिहिलेले आहेत. ती रीत पुढे मागे पडली. जर्मन भाषेत मात्र ती आजही आहे. तिथे आईसाठीचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, आणि टेबलासाठीचा शब्दही तसाच मोठ्या अक्षराने सुरू होतो. त्यामुळे तिथेही त्या अक्षरातून आदर निघत नाही. आजच्या इंग्रजीत ‘मी’ या अर्थाचा ‘आय’ नेहमी मोठा आणि ‘तुम्ही’ या अर्थाचा ‘यू’ लहान असतो. मोठे अक्षर आदरासाठी असते, तर प्रत्येक इंग्रज स्वतःला आदर देतो आणि समोरच्याला देत नाही असे म्हणावे लागले असते. ‘माय मदर’मधला एम लहान केल्याने आपल्या आईंचा मान तिळभरही कमी होत नाही, एवढे आधी मनाशी पक्के करावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

मग हे मोठे अक्षर कशासाठी असते? ते विशेषनामाची खूण आहे. शाळेत आपण व्याकरणात शिकलो आहोत की सामान्यनाम कधीकधी विशेषनामाचे काम करते. ‘नगर’ म्हणजे कोणतेही शहर. पण ‘मी उद्या नगरला जाणार आहे’ असे कोणी म्हटले की कोणत्या शहराला, हे विचारावे लागत नाही. त्या गावाचे सरकारी नाव पूर्वी अहमदनगर होते आणि आता अहिल्यानगर झाले, तरी बोलण्यातले ‘नगर’ हे त्या एकाच गावाचे नाव आहे. ‘आई’ या शब्दाचेही तसेच आहे. जगात आया असंख्य आहेत, आणि त्या अर्थाने ‘आई’ हे सामान्यनाम आहे. पण ‘आईने संध्याकाळी दिवा लावला’ असे आपण लिहितो तेव्हा तो शब्द एका व्यक्तीचे नाव होऊन बसतो. मराठीत हा बदल डोळ्यांना दिसत नाही, इंग्रजीत तो पहिल्या अक्षरात दिसतो.

कसोटीही यातूनच मिळते. नात्याच्या शब्दाच्या जागी त्या व्यक्तीचे पाळण्यातले नाव घालून वाक्य वाचून पाहावे. समजा नाव सुमती आहे. आपल्या पहिल्या पानावर ‘इन द इव्हिनिंग मदर लिट द लॅम्प’ असे वाक्य आहे. तिथे ‘इन द इव्हिनिंग सुमती लिट द लॅम्प’ असे म्हटले तरी वाक्य सुरळीत चालते, म्हणून तिथला एम मोठा. त्याच्या पुढच्याच ओळीत ‘माय मदर टॉट अस टू रीड’ असे आहे. तिथे ‘माय सुमती टॉट अस टू रीड’ असे होईल आणि ते कानाला अडखळेल, म्हणून तिथला एम लहान. भाचीने एकाच परिच्छेदात दोन प्रकार ठेवले ते यामुळे. पहिल्या वाक्यात आपण आईंना नावाने हाक मारल्यासारखे केले आहे, दुसऱ्यात त्या आपल्या कोण लागतात ते सांगितले आहे.

शब्द नावाच्या जागेवरून खाली उतरतो तो बहुतेक वेळा त्याच्या आधी आलेल्या छोट्या शब्दामुळे. माय, युवर, हिज, हर, अवर, देअर यांपैकी काहीही आधी आले, किंवा ‘शेजारणीची आई’ अशा तऱ्हेने दुसऱ्या कोणाची षष्ठी आधी आली, की अक्षर लहान होते. ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांनीही तेच होते. आपण फार सुंदर लिहिले आहे की ती साऱ्या आळीची आई होती, ‘शी वॉज अ मदर टू द होल लेन’. तिथे ‘अ’ असल्यामुळे एम लहानच हवा, जरी भावनेने ते वाक्य पुस्तिकेतले सर्वांत मोठे वाक्य असले तरी. अनेकवचनाचेही असेच आहे. मात्र आधी केवळ विशेषण आले तर नाव हे नावच राहते. ‘पुअर मदर वेटेड टिल मिडनाइट’ यात ती बिचारी म्हणजे आपलीच आई, म्हणून एम मोठा. त्याआधी ‘अ’ लावला की ती कोणतीही गरीब आई होते आणि एम लहान होतो. दुसऱ्या पानावर आपण ‘माय मदर अँड फादर’ लिहिताना एफ मोठा ठेवला होता, तो भाचीने लहान केला हे योग्य झाले, कारण तिथले एकच ‘माय’ दोघांनाही लागू आहे. ‘माय’ काढून टाकले तर मात्र दोन्ही शब्द मोठ्या अक्षराने लिहावे लागतील. न्यू जर्सीची मुले ‘मॉम’ म्हणतात आणि मेलबर्नची ‘मम’ म्हणतात, पण नियम दोन्हीकडे हाच आहे.

नावाच्या आधी नाते लागले, म्हणजे ‘अंकल श्रीधर’ किंवा ‘आँट कुसुम’ असे लिहिले, की ते दोन शब्द मिळून एक नाव होते आणि दोन्ही मोठ्या अक्षराने सुरू होतात. अडचण येते ती ‘माय अंकल श्रीधर’ अशा ठिकाणी. इथे दोन अर्थ संभवतात. माझे एक काका, ज्यांचे नाव श्रीधर, असे सांगायचे असेल तर ‘अंकल’ हे नाते सांगणारे सामान्यनाम आहे आणि त्याचे अक्षर लहान राहते. आपण त्यांना हाकच ‘अंकल श्रीधर’ अशी मारत असू आणि ते सगळे मिळून नाव झाले असेल, तर ‘माय’ आधी असूनही मोठे अक्षर ठेवणारे पुष्कळ आहेत. माझे मत विचाराल तर ‘माय’ आले की लहान अक्षर ठेवावे, आणि मोठे हवेच असेल तर ‘माय’च काढून टाकावे. वाचणाऱ्या मुलांना काका कोणाचे ते ठाऊकच आहे.

आता त्या एका जागेकडे येतो. तिसऱ्या पानावर आपण ‘श्रीधर काका’ हे दोन शब्द सुटे लिहून ‘काका’चा के मोठा ठेवला होता, आणि भाचीने तो लहान केला. इथे मला आपले बरोबर वाटते. इंग्रजीत नाते नावाच्या आधी येते, मराठीत नावाच्या मागून येते. भाचीला ते मागून आलेले नाते नावाबाहेरचे वाटले असावे. पण मराठीत हे नाते नावात किती मुरते हे आपल्या इतिहासावरून दिसते. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर हे काका कालेलकर म्हणूनच ओळखले गेले, मुरलीधर देवीदास आमटे हे बाबा आमटे झाले, रामकृष्ण विठ्ठल लाड हे भाऊ दाजी लाड झाले, आणि सिंधुताई सपकाळ यांच्या नावातली ताई वेगळी काढताच येत नाही. यांची नावे इंग्रजीत लिहिताना काका, बाबा आणि भाऊ यांची पहिली अक्षरे मोठीच असतात. मग घरातल्या काकांना वेगळा न्याय का लावावा? ‘श्रीधर काका’ सुटे लिहिले तर के मोठा ठेवावा. मराठीतल्यासारखे जोडून लिहिले तर शब्दाच्या पोटात मोठे अक्षर नको, म्हणून के आपोआप लहान होतो. दोन्ही पद्धती चालतात, फक्त पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच ठेवावी. आपल्याकडे इंग्रजी बोलतानाही ‘जोशी अंकल’, ‘पाटील आँटी’ असे नाव आधी घेतले जाते, आणि तिथेही मागच्या शब्दाचे अक्षर मोठे ठेवणे योग्य.

‘आई’ या शब्दालाही वर सांगितलेलीच कसोटी लावावी. ‘आई यूज्ड टू से’ यात तो शब्द नाव आहे, ‘माय आई’ यात नाही. ‘एव्हरी मराठी आजी’ यातली आजी लहान अक्षराने, आणि ‘आजी मेड लाडूज’ यातली आजी वाक्याच्या सुरुवातीला नसती तरी मोठ्या अक्षराने. स्पेलिंगबद्दल मात्र एक आग्रहाची सूचना करतो. आपण ‘आई’ फक्त ए आणि आय या दोन अक्षरांत लिहिली आहे. शीर्षकात सगळी अक्षरे मोठी छापली गेली, तर आजची मुले ते ‘ए.आय.’ म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता असे वाचतील. आरंभी दोनदा ए लिहावा. उच्चारही त्याने जवळचा येतो.

मोठ्या-लहान अक्षराइतकेच लक्ष द्यावे असे आणखी काही या शब्दांत आहे. आपण लिहिले आहे, ‘मामा केम फ्रॉम सांगली विथ अ बास्केट ऑफ ग्रेप्स’. आपल्याला त्यात आईचा भाऊ दिसतो. पण इंग्रजीत ‘मामा’ म्हणजे आई, आणि मोठ्या एमने लिहिलेला ‘मामा’ तर स्वतःचीच आई. मेलबर्नच्या मुलाला वाटेल की पणजी सांगलीहून द्राक्षे घेऊन आली. ‘नाना’ हा शब्दही असाच फसवा आहे, कारण ऑस्ट्रेलियात आजीला ‘नाना’ म्हणतात. आणि ‘दादा’ म्हणजे आपला थोरला भाऊ, पण हिंदी बोलणाऱ्या घरात तो वडिलांचा बाप असतो. म्हणून हे शब्द काढून त्यांच्या जागी ‘अंकल’ घालावे, असे मात्र मी सुचवणार नाही. काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान या सर्वांना एकाच ‘अंकल’मध्ये कोंबले तर आपल्या आईंच्या माहेर-सासरचा सगळा नकाशा पुसला जाईल, आणि तोच तर या मुलांपर्यंत पोहोचवायचा आहे. त्यापेक्षा पहिल्या उल्लेखाला ‘रघुनाथ मामा, आईचा धाकटा भाऊ’ अशी ओळख वाक्यातच करून द्यावी. त्या ओळखीतले ‘ब्रदर’, ‘सिस्टर’ हे इंग्रजी शब्द नाते सांगणारे असल्यामुळे लहान अक्षराने सुरू होतील. इंग्रज माणूस भावाला ‘ब्रदर’ अशी हाक क्वचितच मारतो, त्यामुळे हे दोन शब्द नाव होण्याची वेळ फारशी येत नाही. आपल्या ‘दादा’ आणि ‘ताई’वर मात्र ती रोज येते आणि त्यांना मोठे अक्षर मिळते. सासूबाईंसाठीचा ‘मदर-इन-लॉ’ हा शब्दही याच कारणाने जवळजवळ नेहमी लहान राहतो, कारण त्या शब्दाने कोणी हाक मारत नाही.

आपल्या आई एका कॉन्व्हेंट शाळेत शिवण शिकवीत असत, तो भाग वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिथल्या जोगिणींचा उल्लेख ‘द सिस्टर्स’ असा असेल तेव्हा एस लहान, आणि ‘सिस्टर’च्या पुढे नाव असेल तेव्हा मोठा. 1616 साली छापलेल्या क्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या नावातला ‘फादर’ मोठ्या एफने लिहितात तो याच न्यायाने. तिथे ती पदवी आहे, वडिलांचे नाते नव्हे, पण खूण एकच आहे.

मुखपृष्ठावर ‘अवर मदर’ असे छापायचे आहे. तिथे ‘अवर’ असूनही एम मोठा ठेवावा, कारण इंग्रजी शीर्षकात मुख्य शब्दांची पहिली अक्षरे मोठी करतात. ही सूट फक्त शीर्षकापुरती आहे. मला वाटते, आपल्याकडचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. पण दोन्ही पिढ्यांच्या वहीत पहिल्या निबंधांपैकी एक ‘माय मदर’ हा असतोच. मथळ्यात दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांनी लिहिलेले मूल खालच्या पहिल्या ओळीतही तसेच उतरवते. शिक्षक लाल शाईने एम लहान करतात, पण कारण सांगायचे राहून जाते.

तिसऱ्या पानावरच्या छायाचित्राखाली आपण ‘मदर्स डे’ लिहिले आहे. तो एका दिवसाचे नाव म्हणून दोन्ही शब्द मोठ्या अक्षराने हवेत, आणि अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी हवी. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी 1914 मध्ये हा दिवस जाहीर केला. त्यासाठी झटलेल्या अ‍ॅना जार्विस यांचा आग्रह होता की शब्द एकवचनी असावा, कारण प्रत्येक घराने त्या दिवशी आपल्या एका आईची आठवण करायची आहे.

शेवटी आपण आईंनी भावाला लिहिलेले जुने पत्र इंग्रजीत घेतले आहे. आरंभीच्या ‘डिअर सन’मध्ये दोन्ही शब्द मोठ्या अक्षराने लिहावेत, तो पत्राच्या मायन्याचा रिवाज आहे. अखेरीस ‘युवर लव्हिंग मदर’ असे आहे. समारोपाच्या ओळीत फक्त पहिला शब्द मोठ्या अक्षराने लिहितात, म्हणून तिथला एम लहान. त्याच्या खाली सहीच्या जागी नुसते ‘मदर’ असते, तर मात्र ते नाव ठरले असते आणि एम मोठा झाला असता.

आणि पुस्तिकेची अगदी शेवटची ओळ, ‘थँक यू आई’. इथे ना ‘माय’ आहे, ना ‘द’. ही सरळ हाक आहे. इंग्रजीत हाकेच्या आधी स्वल्पविराम देतात, तो तेवढा राहिला आहे. तो ‘यू’नंतर द्यावा, ‘आई’चा पहिला ए मोठा ठेवावा, आणि मजकूर छपाईला पाठवावा.